सव्वापाच ते सहा

हूटर झाला की चाळणी थांबते,
पण कानात फिरत राहते थोडा वेळ.
मग आम्ही तेवीस बाया कॅन्टीनमधी,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या टेबलांवर वह्या उघडतो.
पुठ्ठ्यावर कंपनीचं कणीस छापलेलं.
बदनापूरची बस गेटापाशी उभी.
ड्रायव्हर सहाला निघतो,
एक मिनिट इकडं नाही न तिकडं.

साहेब म्हणले होते, ऑडिट येणार,
अंगठा चालत नाही आता, सही पाहिजे.
इंग्लिशबी शिका जरा, पाट्याबिट्या वाचाया.
शिकवायला लॅबमधल्या प्रणिता मॅडम,
पोरगी मह्या धाकटीएवढी.
म्हणली, "कौसाबाई, खडू हाय, खुरपं नाही."
मी म्हणलं, बाई,
खुरप्याला कुणी असं भेऊन धरतं का?

आधी आपली बाराखडी. तिच्यात दिवाळी गेली.
शमीम लहानपणी दोन वर्षं उर्दू शिकलेली,
तिचा हात उजवीकडून निघायचा.
मॅडम तो हळूच उचलून
डावीकडं ठेवायच्या, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

संक्रांतीनंतर इंग्लिश.
ओ म्हणजे बांगडी, हे सगळ्यात आधी आलं.
एस म्हणजे सुटलेला कासरा.
एन मोडकी बाज.
पी म्हणजे खांद्यावर लेकरू घेतलेली बाई.
आय काहीच नाही, नुसती उभी काडी.

"रोज हाताखालून जातं ते वाचा," मॅडम म्हणल्या.
मी सरकीची पिशवी आणली,
अकरा वर्षं जिला सील मारते तीच.
लाल चौकटीखाली सहा अक्षरं.
बाई, बांगडी, काडी, कासरा, बांगडी, बाज.
"पॉ... इ... सन. म्हणजी?"
मॅडमनी पिशवी खाली ठेवली.
"विष. बियाला लावलेलं असतं ना, ते गुलाबी."

पंखा तेवढा वाजत होता.
गुलाबी मह्या नखात होतंच.
लग्नाघरी बाया इचारतात, मेंदी कुठली गं?
छपाई बिघडलेल्या पिशव्या आम्ही घरी नेतो.
मह्या घरी एकीत मोहरी, एकीत नातवाचे मुरमुरे.
कोऱ्या पिशवीला काही नसतं, मॅडम म्हणल्या.
तरी त्या रात्री मोहरी डब्यात ओतली.
मालक हसले, "इतके दिस खाल्ली, काय झालं?"
"इतके दिस वाचता येत नव्हतं."

मग ग्लोव्हजसाठी अर्ज.
मॅडमनी स्पेलिंग फळ्यावर टाकलं,
मी तीनदा खोडलं, चौथ्यांदा बसलं.
साहेबांनी अर्ज बघितला, कौतुक केलं,
खणात ठेवला.

सात तारखेला पगार.
शाईचं पॅड नव्हतंच टेबलावर,
दोरीला बांधलेलं पेन होतं.
रजिस्टरात महं नाव सापडलं,
कौसाबाई सांडू म्हस्के, त्याच्याम्होरं रकाने.
हजेरी कळली. रक्कम कळली.
कपातीत एक शब्द अडकला.
जी. एल. बांगडी.
पुढं वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं.
चाळीस रुपये.
मागचं पान उलटलं. चाळीस.
त्याच्या मागचं. चाळीस.
अन् तिथं म्होरं महा अंगठा, जांभळा, ठसठशीत.

"करा सही, बस निघंल," साहेब म्हणले.
"थांबा," म्हणलं,
"नवीनच शिकले मी. टाइम लागतो."
त्या शब्दावर बोट ठेवलं, शमीमला बोलवलं.
तिनं उजवीकडून बघितलं,
मग डावीकडून.
मागं रांगेत कुणीतरी
अक्षरं मोठ्यानं लावायला लागलं,
वर्गात लावतो तशी, एकेक.

गेटावर एकदा हॉर्न वाजला.
सहा वाजून गेले होते.
बस उभीच होती.