भुसा

आधी वाटलं, कुणी लाकूड कापतंय.
बुंध्याशी भुशाची ढिगुळी, ताजी, पिवळट,
बोटांत घेतली तर ओलसर.
पण आमच्या रायीत करवत येत नाही.
कोयतासुद्धा उंबऱ्यावर ठेवून यायचं,
चपलांच्या शेजारी.

मी माट्टीला कान लावला.
सुसरीच्या पाठीसारखी तिची साल,
आणि आत कुणीतरी
कालची भाकरी चावत बसलेलं,
सावकाश,
मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं.

खोडकिडा, मी वहीत लिहिलं.
झाडं एकेचाळीस. लागण सात. त्यांतलं एक मेलेलं.
वाळपईच्या ऑफिसात रेंजर कुलासोंनी वही वाचली,
चष्मा कपाळावर सरकवला:
मेलेलं पाडा, जाळा, मे लागायच्या आत.
भुंगेरे बाहेर पडले की
साताची एकेचाळीस व्हायला कितीसा वेळ.

बरोबरच होतं त्यांचं.
पण उंबऱ्याशी लाडू गावस उभा होता,
कमरेला पंचा, हातात काहीच नाही.
"लोखंड भितर न्हय," एवढंच म्हणाला.

मग कौल लावला.
सातेरीपुढे, म्हणजे वारुळापुढे.
आमची देवी मातीची, माणसाहून उंच,
आणि पोटात तिच्या हजारोंचा संसार.
ओल्या पाकळ्या अंगावर चिकटवल्या.
उजवी पडली तर हो. डावी पडली तर नाही.
दुपार कलली. पाकळ्या सुकून कुरकुरीत झाल्या.
एकही पडली नाही.

"किडोय तिचोच," लाडू म्हणाला.
आणि माट्टी कुणाची? मी विचारलं,
युनिफॉर्मातल्या बाईने विचारू नये इतक्या मोठ्याने.
तो बघत राहिला.
वारुळातून एक वाळवी बाहेर आली,
तिनेही काही सांगितलं नाही.

रात्री मी पंपाची जळकी मोटर उकलली.
तांब्याला कुणाची ना नव्हती.

सहा झाडं, चार दिवस.
भोकात तार घालायची, फिरवायची,
काहीतरी मऊ लागलं की श्वास धरून ओढायची.
पांढरी, जाड, बिनपायांची अळी,
तान्ह्या मुलाच्या करंगळीएवढी.
पहिली निघाली तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं.
चौदावीला तसं वाटलं नाही.
कडुलिंबाच्या तेलात भिजवलेला कापूस आत कोंबला,
वर लिंपायला माती हवी होती.
लाडूने आणून दिली, ओंजळभर, मळून,
चिकट, लाल, अगदी बारीक.
कुठली ते मी विचारलं नाही.

उरलं ते मेलेलं.
ते पाडायचं कुणी आणि कशाने?
जायू गावस म्हणाली, पाडायचं कशाला, सोलूया.
काजूच्या भट्टीवरची कामं टाकून
नऊ बायका आल्या, बांबूच्या पाचरी घेऊन.
करवंट्यांनी खरवडलं. नखांनीही.
साल निघत गेली तशा खाली
वाटाच वाटा दिसल्या,
कुणी वेडावाकडा गाव वसवून गेल्यासारख्या.
अळ्या पडल्या तशा कोंबड्यांना नेल्या.
साल उंबऱ्याबाहेर जाळली.
धूर वाळपईच्या बाजूला गेला,
कुलासोंना दिसला असेल.

झाड अजून उभं आहे.
उघडं, भाताच्या पेजेसारखं पांढुरकं.
त्यावर एक सुतार पक्षी येतो,
म्हणजे आत अजून कुणीतरी आहे.
किती, ते त्याला माहीत.

आज एकतीस मे. वहीत लिहिलं:
नवीन भुसा नाही.
मग ते खोडलं, लिहिलं: दिसला नाही.

जाता जाता पुन्हा कान लावला,
सातव्या नाही, आठव्या झाडाला.
आत काहीतरी वाजत होतं.
माझंच रक्त असावं ते.
मी कान काढला नाही
संध्याकाळ पुरती होईपर्यंत.