कड

पुण्याहून आणलेली, दुसऱ्या हाताची,
दोनच माणसं बसतील अशी.
रंग पिवळा. आमच्या चेंबरच्या भाषेत पाच नंबरचा,
टोकं अजून हिरवट असतात तेव्हाचा.
सावद्याच्या रस्त्यावर पहिल्याच दिवशी
खडीच्या डंपरने एक खडा मारला
आरशाखाली. तिळाएवढा.
रात्री मी तो तीनदा बॅटरी लावून पाहिला.

मग कळलं, अशी फिल्म मिळते.
पारदर्शक. खडा स्वतः खाते, रंगाला लागू देत नाही.
बारीक ओरखडा तर उन्हात आपोआप भरून येतो म्हणे,
आणि ऊन आमच्याकडे फुकट, सेहेचाळीसपर्यंत.
न दिसणाऱ्या गोष्टीचे दोन लाख.
चारुलता म्हणाली,
सोफ्याचं प्लास्टिक काढायला तुम्हाला बारा वर्षं लागली.

तिघांना विचारलं.
नाशिकचा काचेच्या शोरूममधून बोलला:
दहा वर्षांची वॉरंटी, कॉफी, बसायला एसी.
दहा वर्षांत काय काय झालं तर भरून द्याल?
सर, ते कागदावर आहे.
इंदूरचा फोनवरच हो म्हणाला.
बोनेट? हो. बंपरची आतली वळणं? हो.
दोन दिवसांत? हो.
इतके होकार देणाऱ्या व्यापाऱ्याला
मी केळीची एक फणीसुद्धा उधार देत नाही.

तिसरा जळगावात, एमआयडीसीत,
डाळ मिलच्या मागे. इद्रिस पिंजारी.
पाटी नाही. शटर गुडघ्यापर्यंत खाली,
दारात ओलं गोणपाट.
तुरीचा भुसा उडतो ना, म्हणाला,
एक कण आत गेला की कायमचा दिसतो.
आधी मला चपला काढायला लावल्या,
मग दुसऱ्या कोणाच्या पांढऱ्या गाडीचं दार उघडलं.
"मधात तर कोनीबी चिटकावतं, भाऊ.
तुम्ही कड पाहा."

कड पाहिली. म्हणजे दिसलीच नाही.
उशीच्या खोळीची दुमड आत जावी
तशी फिल्म दाराच्या पोटात वळून गेलेली.
ब्लेड गाडीवर चालवता का?
त्याने हात पुढे केले. नखं मुळापासून कापलेली.
"कापनं टेबलावर. गाडीवर फक्त पानी अन् बोटं."

मग काडेपेटीएवढं एक यंत्र
माझ्या गाडीवर टेकवत टेकवत फेरी मारली.
दार, एकशे दहा. छत, एकशे पाच. डिकी, एकशे बारा.
बोनेट.
तीनशे चाळीस.
पुन्हा टेकवलं. तीनशे साठ.

मिल तेवढ्यात बंद पडली, जेवणाची सुट्टी असावी.
"हे नंतर रंगवेल हाये," आवाज बारीक करून म्हणाला,
जणू गाडी ऐकेल.
"कुठंतरी ठोकेल. याच्यावर मी लावनार नाही.
आज चकाचक दिसंल,
काढायच्या दिवशी रंग संगं येईन."

मी, चोवीस वर्षं
सालीवरून गराची गोष्ट सांगणारा,
दांड्यावर अंगठा दाबून
हा ट्रक दिल्लीपर्यंत टिकेल की नाही ते सांगणारा,
मी त्या पिवळ्यावर हात फिरवला.
गुळगुळीत. सकाळी होता तितकाच सुंदर.
पुण्याच्या माणसाने चहा पाजला होता,
म्हणाला होता, ओरखडासुद्धा नाही. खरंच नव्हता.

राग नेमका कोणाचा, ते थोडा वेळ ठरेना.
इद्रिसने गोणपाटावर पाणी मारलं. थांबला.

बोनेट सोडून बाकीचं करा, मी म्हणालो.
"अन् बोनेट?"
खाऊ दे खडे.
त्याने वहीत लिहिलं: बोनेट नाही.
वारा पडल्यावरची तारीख दिली
आणि ॲडव्हान्स घेतला नाही.

परत येताना नशिराबादच्या पुढे
एक डंपर आडवा आला.
मी अंतर ठेवलं, तरी
टक्.
बोनेटवरच.
गाडी थांबवली नाही.