अकरावा स्क्रू

पोत्यात गुंडाळून, काखेत मारून आणलाय त्यांनी लॅपटॉप,
आजारी कोकरू आणावं तसा.
"उठायला बारा मिनिटं घेतो," वारपेत मेखाक सांगतात,
"आणि घरघर अशी, की बायको दिव्याकडे बघते."

ग्युम्रीत हे कुणाला समजावावं लागत नाही.
पायाखाली काही गुरगुरलं
की इथली चाळिशी ओलांडलेली माणसं
आधी छताचा दिवा बघतात, हलतोय का.
मग चहा पुढे.

मी चालू करून कान लावते.
पंखा जिवाच्या आकांतानं फिरतोय, काम मात्र काहीच नाही,
आणि त्या आवाजाच्या पोटात आणखी एक आवाज :
टक्. टक्. थांबून, टक्.
पहिला धुळीचा.
दुसऱ्याचं त्यांना इतक्यात सांगत नाही.

येरेवानच्या कुणी गेल्या वर्षी विंडोज नवं टाकून दिलं,
वर अँटिव्हायरस, एक सोडून दोन.
रोग रेड्याला, औषध पखालीला.
दोन्ही रखवालदार एकमेकांनाच चोर समजून
दिवसरात्र झडत्या घेतायत.
एकाला घरी पाठवते.

मागे दहा स्क्रू. अकराव्याचं नुसतं भोक.
झाकण निघालं, तर आत सगळं गुलाबी.
राखाडी धूळ मी रोज बघते,
कुत्र्यांचे केस, सिगारेटचा चिकटा,
एकदा तर झुरळांचं अख्खं कुटुंब.
पण ही आमच्याच खाणीतल्या दगडाची भुकटी,
पात्यांवर थर धरून बसलेली,
जाळीत तर चक्क वीट झालेली.
"वारपेत, तुम्ही याच्यासमोरच कोरता?"
"मग कुठे कोरू? चेहरा याच्यात असतो ना."

चौथरा गुलाबी, चेहरा काळ्या दगडावर.
लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, नाहीतर पासपोर्टवरचा,
लोक धाडतात ते फोटो,
आणि हे भुवई मोठी करून करून बघतात.
एकोणीस वर्षांचे चेहरे.
डिस्कवर जागा उरलीय तीनशे एमबी.

"ज्यांचं काम झालंय ते काढून टाकूया?"
नखातली भुकटी काढत बसतात नुसते.
"काम झालंय. पण आरुस्याकची हनुवटी जमली नव्हती.
घरच्यांना कळलं नाही. मला माहीत आहे."

मग दुसऱ्या आवाजाचं सांगावंच लागतं.
"डिस्क जातेय."
ते मान हलवतात. दाराशी बातमी घेऊन आलेल्यांसमोर
माप विचारण्याआधी हलवत असतील, तशी.
किंमत विचारत नाहीत. "किती वेळ आहे?" विचारतात.

रात्रभर नव्या डिस्कवर उतरवत बसते.
पंखा ब्रशनं झाडला, वीट चिमट्यानं काढली,
प्रोसेसरवरच्या पेस्टचे सुकलेले पापुद्रे
स्पिरिटनं पुसले, नवी लावली वाटाण्याएवढी.
पहाटे तीनला ब्याऐंशी टक्क्यांवर अडलं.
थांबवलं, निवू दिलं, पुन्हा लावलं.
टक्. टक्.
उजाडेपर्यंत सगळे आले, एक सोडून.
नाव नाही, नुसता आकडा : दोन हजार दोनशे चौदा.

सकाळी आकडा सांगताना माझाच घसा कोरडा.
वारपेत खिशातून वही काढतात, बोट फिरवतात.
"स्मबात. वरची दफनभूमी, तिसरी रांग, नळाजवळ."
वही मिटतात.
"दगडावर आहे तो. जाईन, फोटो काढून आणेन."

मग बटण दाबतात. काहीच ऐकू येत नाही,
म्हणून पुन्हा दाबतात, आणि तो बंद होतो.
तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरून ठेवते.
नऊ सेकंदांत पडद्यावर चेहऱ्यांच्या रांगा.
तरी त्यांचा विश्वास नाही, तळाला पंजा लावून बघतात,
गरम आहे का.

पैसे मोजून दिले, पुन्हा पोत्यात गुंडाळला.
अकराव्या भोकात मी माझ्याकडचा स्क्रू लावलाय.
थोडा आखूड आहे. पण धरतो.