कंदील आधी

हरिपुरात पेवाच्या तोंडाशी केराप्पा उकिडवा बसतो,
दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडतो.
वात विझली तर आत हवा नाही.
वात टिकली.
"उतर पोरी. पर लगीच बोलू नगंस.
आदी ऐक, त्ये काय म्हंतंय."

माझ्या पिशवीत मायक्रोफोन, ज्येष्ठमधाच्या पाण्याचा थर्मास
आणि मिरजेच्या दवाखान्यातला चार घड्यांचा कागद:
शस्त्रक्रियेनंतर डावा स्वरतंतू निकामी.
उजवा एकटाच हलतो,
एका हातानं टाळी वाजवायला निघाल्यासारखा.

बावीस वर्षं मी षड्ज लावला
मिरजेत, सुमतीबाईंच्या माडीवर, पहाटे.
खाली मकबूलभाई तंबोऱ्याचा भोपळा आतून खरवडायचे
आणि बाई म्हणायच्या, खिडकी लाव गं,
ते गाण्यात नको यायला.

आता तेच येतं.

आवाज बसला, म्हणतात.
कुठे बसला, ते कुणी विचारत नाही.
मी शोधत राहिले:
श्वास आत ओढताना निघणारी बारीक किंकाळी,
टाळूवर जिभेची टिचकी,
आवंढ्याच्या आधीचा आणि नंतरचा आवाज (हे दोन वेगळे असतात),
शिट्टी होण्याआधी कुकर फुरफुरतो तसं काहीतरी पडजिभेपाशी,
आणि एका रात्री, भांडी घासताना,
एकाच घशातून दोन सूर.
वरचा ओळखीचा. खालचा कुठल्याच श्रुतीत न बसणारा,
एका ओसरीवर नांदणाऱ्या जावांसारखे
एकमेकींना घासत.

बाईंना ऐकवलं. "हे काय गं, दळण?"
मग बराच वेळ डोळे मिटून,
"लयीत आहे पण."

सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये पहिला प्रयोग केला.
माणसं बारा. तिघं उठून गेली.
एका काकांनी मध्येच पाण्याचा पेला आणून दिला,
मी तो प्यायले, घोटाघोटाचा आवाज मायक्रोफोनवर धरून.
काका वरमले. मग हसले. शेवटपर्यंत बसले.

मकबूलभाईंनी मात्र कानाला लावलेला फोन
नीट पुसून परत दिला आणि म्हणाले,
"जवारी फार खुली आहे तुमची.
कुणाकडून बंद करून घेऊ नका."

खाली वीसेक फूट.
तोंड माणूस मावेल एवढंच, पोट मात्र ऐसपैस,
भिंतींना जुन्या उसाच्या पाल्याचे तुकडे,
पुरानं खचलेली एक बाजू.
इथं हळद यायची, वर्षानुवर्षं राहायची,
पेव फुटलं म्हणजे काय ते गावानं डोळ्यांनी पाहिलंय.
अजून वास आहे. नाकात गेला की
घशाच्या मागे कडू, गरम.

मी ऐकलं. पेव काहीच म्हणालं नाही.
किंवा माझाच श्वास मला मागून ऐकू आला,
कुणी लहान मूल झोपलंय असा.

मग लावला.
आधी आत ओढत, मग सोडत, तळातला चरचरता स्वर,
कढईत मोहरी तडतडण्याच्या बेतात असते तेवढाच.
कंदिलाची ज्योत माझ्याकडे वाकली, सरळ झाली, वाकली.
दोन सूर सुटले तेव्हा
वरचा वर निघून गेला, तोंडातून, उजेडाकडे.
खालचा इथंच फिरला, भिंतीला टेकला,
माझ्या पायाच्या तळव्यांतून परत आला.
हा जागा शोधत होता वर्षभर,
आणि मी त्याला हॉलमध्ये नेत होते.

किती वेळ गेला माहीत नाही.
दोरीला हिसका बसला.
वरच्या गोल उजेडात केराप्पाचं डोकं.
"पोरी," तो घाबरून ओरडला,
"आत तुझ्यासंगं दुसरं कोण हाय गं?"

मी कंदिलाकडे पाहिलं.
जळत होता.
दोघींना पुरेल एवढी हवा होती.