मागे आवाज जातोय का

चौदा वर्षं मी माइक लावतोय नंदुरबारात.
साखरपुड्याला, दशक्रियेला, आणि दर हिवाळ्यात
टाऊन हॉलात, 'खान्देश : दशा आणि दिशा'.
बॅनर तोच. वर्षाच्या आकड्यावर
दरवेळी नवा कागद चिकटतो,
त्याच्याखाली जुना, त्याच्याखाली अजून जुना,
नखाने खरवडलं तर बराच खोल जाता येईल.

माणूस मी आवाजावरून ओळखतो.
प्राचार्य गिरासे माइकपासून हातभर लांब उभे राहतात,
त्यांना वाटतं खरं आपोआप ऐकू जातं.
मला आवाज वाढवावा लागतो.
ओसवाल वकील माइक गिळतात. मी कमी करतो.
'अनुशेष' म्हटलं की उजवा स्पीकर फुत्कारतो.
त्या ष वर मला अजून इलाज सापडलेला नाही.

यंदाही तापी तीनदा वाहून गेली,
तिघांनी ती तीन ठिकाणी अडवली,
आणि चहा आला.
ओसवाल म्हणाले, मुंबई आपल्याला
निवडणुकीपुरती ओळखते.
मागून कुणीतरी म्हणालं, सुरत बारमाही ओळखते.
हशा.
हशा माझ्या माइकमध्ये फार स्वच्छ येतो.
एकाने वेगळं राज्य मागितलं,
एकाने सुरतच्या गाडीला वेगळा डबा,
आणि टाळ्या डब्याला जास्त पडल्या.

मग वारा फिरला.

हॉलच्या पाठीमागे मिरचीची पथारी आहे,
इतकी लांब की डोळे मिटले तरी लालच दिसतं.
पश्चिमेच्या खिडकीचं तावदान
मागच्या परिसंवादापासून फुटकं.
तिथून खकाणा आत आला,
आधी पहिल्या रांगेत, मग मंचावर.
प्राचार्य 'सर्वंकष' मध्ये अडकले,
सर्वं— सर्वं—
ओसवाल ठसकले ते थेट माइकमध्ये,
आणि चौकातल्या चारही कर्ण्यांतून
एक मोठा खोकला
पार मार्केट यार्डापर्यंत गेला.

कुणाला काय झालं म्हणून
देठ खुडता खुडता उठून आली सुरजाबाई भोई.
बोटं कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेली.
दारात उभी राहिली, मंचाकडे पाहिलं,
पदराच्या गाठीतला गूळ काढला,
मोडून मोडून दिला एकेकाला.
"दाढखाले धरा. बोलू नका जरा."
आणि नऊ वक्ते खरंच बोलले नाहीत.
चौदा वर्षांत पहिल्यांदा
मी आवाजाच्या बटणावरचा हात काढून घेतला.

जाताना तिने माइककडे बोट दाखवलं.
"भाऊ, आठे बोललं तर तठे ऐकू येस का?"
मला वाटलं तठे म्हणजे मंत्रालय.
म्हटलं, "तेवढं लांब नाही जात, मावशी."
"अरे तठे," तिने खिडकीबाहेर दाखवलं,
लालात बसलेल्या ठिपक्यांकडे.
मग स्वतःच वाकली, ओठ जवळ नेले,
ना फार लांब, ना फार जवळ,
असा अंतराचा अंदाज मी कुणाचा पाहिला नाही:
"ओ जनाक्का, पाणीना टँकर उना का?"

बाहेरून, माइकशिवाय,
उत्तर आलं, "नही वं!"

सगळा हॉल ऐकत होता.
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
शेवटी एकमताने ठराव झाला
की पश्चिमेच्या खिडकीला तावदान बसवावं.
आभार मानले. माझं भाडं पुढच्या वर्षीच्या खात्यात.

रात्री वायर गुंडाळताना डोळ्याला बोट लागलं,
घरी पोचेपर्यंत चरचरत होतं.

सकाळी पेटी उघडली तर
माइकच्या जाळीवर मुंग्या.
कुणीतरी गूळ तोंडात असतानाच बोललं होतं.
एका छिद्रातून आत, दुसऱ्यातून बाहेर,
घाई नाही, भांडण नाही, काहीतरी उचलून नेत होत्या.
मी फुंकर मारली नाही.
वायर लावली, बटण दाबलं,
चेक, म्हटलं, चेक.
त्या थांबल्या नाहीत.