ळ कमी पडला तेव्हा

महालातल्या गल्लीत, 'साक्षेप'च्या मागच्या खोलीत
ब्याऐंशी वर्षं बांधून ठेवलीत लाल कापडी पाठीची.
वरच्या फळीवर वाळवी, खालच्या स्टुलावर मी,
निवृत्त मुद्रितशोधक.
स्कॅनिंगला आलेला पोरगा विचारतो,
काका, कुठून सुरू करू?
ळपासून कर, म्हटलं.

मालकांनी छापखाना घेतला तो जुनाच,
बुडालेल्या एका हिंदी साप्ताहिकाचा.
यंत्र होतं, शाई होती, खिळ्यांच्या पेट्या होत्या.
ळ नव्हता.
पुण्याहून मागवले, आले मोजून चारशे.
तिसऱ्या पानापर्यंत पुरायचे.
मग हेडाऊ मास्तर आतून ओरडायचे,
"ळ सरला! आता ल ठोका, बाप्पा."

म्हणून आमच्या अंकात
तान्हा पोला निघाला,
नाग नदीतला गाल उपसला,
आणि छप्पन्न साली राजधानी गेली
त्या सकाळी अग्रलेखाला मथळा होता
'कठीण वेल'.
होतीच कठीण.
पुढं कितीतरी वर्षं तिला फूल धरलं नाही.

पंच्याहत्तरात सेन्सॉरचा साहेब यायचा,
रात्री नऊला, पान खाऊन.
त्यानं अग्रलेख कापला, आम्ही जागा कोरी सोडली.
कोरी जागाही त्याला वाचता आली.
मग तिथं संत्र्याच्या बर्फीची कृती लावली,
आठ दिवस तीच.
फक्त साखर रोज एक वाटी कमी.
धंतोलीच्या एका बाईंचं पत्र आलं,
आज केली. कडू झाली. समजलं.

आणि हे बघ, पान पाच, खालचा कोपरा.
वारले दुसरेच हेडाऊ, फोटो छापला मास्तरांचा.
'कालाच्या पडद्याआड.'
सकाळी सायकल भिंतीला टेकवून
मास्तर माझ्या टेबलाशी उभे,
"मी जित्ता हावो ना, बाप्पा!
आन् ळ कुठी गेला?"
दुरुस्ती दोन ओळींची. फोटोची जास्त लाज वाटली
की ळची, ते त्यांनी सांगितलं नाही.

खिळे भंगारात गेले, किलोच्या भावानं.
मास्तरांनी एकच मागून घेतला,
सदऱ्याच्या खिशात टाकला,
धुताना बायको रोज काढून ठेवायची.

दोन हजार तीनमध्ये ते खरोखर गेले.
तोवर कॉम्प्युटर आलेला, हवे तितके ळ.
मी 'काळाच्या' असं लिहिलं, नीट तपासलं,
आणि रात्रपाळी गेल्यावर
एकट्यानं परत 'कालाच्या' केलं.
नोकरीतली ही एकच चूक माझी स्वतःची.
सकाळी एकाही वाचकानं फोन केला नाही.

काका, पोरगा म्हणतो,
हे सॉफ्टवेअर ळला ल वाचतंय.
वाचू दे.
आधी कूलरची खस भिजव, उकडतंय.
आणि पुढचा खंड जपून उचल,
त्रेचाळीसचा आहे, पाठ सुटलीय.