भाग अकरावा

किन्नाकेंची तृप्ती यवतमाळहून आली
हार्ड डिस्क अन् स्पिरिटची बाटली घेऊन.
कापूस आणायचा राहिला म्हणाली.
घाटंजीत कोणी कापूस घेऊन येते का, बाई?

देविदासच्या केबलच्या खोलीत आता कुटाराची पोती.
पोत्यांमागे एकोणीस कॅसेटी,
टेपच्या कडेला पांढरी बुरशी,
ओल्या शेंगेला धरते तशी.
पाठीवर माझं अक्षर: घड्याळवाली १, घड्याळवाली २.
खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं.
ते यायचं तिकडच्या लिपीत.
आम्ही पाटीवर उतरवायचो,
गुरुजी म्हणायचे, हे चिमणीचे पाय कायचे रे?

तृप्तीला वाचता येते ती लिपी.
मी म्हटलं, आत्ता नको सांगू.

एक पोरगी. पाठीला बांधलेलं बंद घड्याळ.
बर्फातून चालत राहते
ते दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे.
एवढीच गोष्ट, सव्वीस भाग.
मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
देविदासच्या ओट्यावर आम्ही चाळीस पोरं
तिच्या तोंडची वाफ बघून गारठायचो.
शेवंता तर स्वेटर घालून यायची. खोटं नाही सांगत.

तिसऱ्या भागात लाइट गेली होती.
टेपवर एक पांढरी रेघ,
आणि बर्फातली पोरगी एकदम समुद्रावर.
मधलं आम्हीच रचलं, ज्यानं त्यानं आपापलं.
रफीक म्हणायचा, तिला लाल डब्बा भेटला.
मी म्हणायचो, बंडी.
तो मधला तुकडा तृप्तीला सापडला आहे कुठंतरी,
परक्या भाषेत. दाखवते म्हणाली.
मी चहा ठेवायला उठलो.

बोळा फिरवत ती सांगत होती:
तेव्हा कॉम्प्युटर नव्हता.
काचेसारख्या पातळ शीटवर एकेक चित्र हातानं,
पुढून रेघ, मागून रंग,
सेकंदाला आठ, कधी बारा.
काम झालं की शीट धुवायच्या, नाहीतर कचऱ्यात.
कंपनी बुडाली.
मूळ रिळांना आंबट वास सुटला, मग तीही गेली.
हिंदीत तिचा आवाज ज्या बाईनं दिला
तिचं नाव कोणत्याच कागदावर नाही.
"काका, तो आवाज आता फक्त तुमच्यापाशी हाय."

माझ्यापाशी काय काय आहे
हे याआधी कोणी विचारलं नव्हतं.

मग अकरावा लावला.
घड्याळवाली पुलावर. पूल हलतो.
थांबव. मागं घे. डावा कोपरा बघ.
रंगात अडकलेला ब्रशचा एक केस,
एकाच चौकटीत.
कोणाच्या हातून सुटला असेल,
जेवायची सुट्टी व्हायला आली असेल.
नववीपासून पाठ आहे मला तो.

पूल अर्ध्यावर,
आणि खरखर, आडवे पट्टे,
आणि हळद.
आमच्या वैजूची.
कोरी कॅसेट मिळेना म्हणून देविदासनं
हीच घातली होती कॅमेऱ्यात.
आई हसते, पदर तोंडावर जायच्या आत.
बाबा मांडवाची दोरी ताणतात, आमच्याकडं पाठ.
वैजू वर बघत नाही. हात कोपरापर्यंत पिवळे.
तिघांचंही दुसरं हलतं चित्र नाही.

"खालचं परत भेटत नाही, काका," तृप्ती म्हणाली.
"वर भरलं की गेलं."
थोड्या वेळानं: "हे ठेवू, का कापू?"

जिनिंगचा भोंगा झाला.
बोळा काळा पडला होता, मी नवा तोडून दिला.
लिही, म्हटलं: भाग अकरावा, पूल, त्यावर हळद.
केसही लिही. डावा कोपरा.
अन् आता सांग नाव.

तिनं सांगितलं, कागदावर काढूनही दाखवलं.
तिसऱ्या अक्षराचा एक पाय
आम्ही उलटा काढत होतो
इतकी वर्षं.